कला शाखेतून नर्सिंगला आलेल्यांना बायोसायन्स कसे शिकवावे

जीएनएम या नर्सिंगच्या पदविकेला बारावी कला किंवा वाणिज्य करूनही प्रवेश मिळतो आणि पहिल्याच वर्षी बायोसायन्सचा पेपर समोर उभा राहतो: शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीव. विज्ञान दहावीलाच सुटलेले असते. पुस्तक पेशीपासून सुरू होते म्हणून ट्यूटरही तिथूनच सुरू करतात, आणि आठवड्यात वर्ग मायटोकॉन्ड्रिया, रायबोसोम घोकू लागतो. खरी उणीव पाठांतराची नसतेच. परासरण (पातळ पडद्यातून पाण्याचे जाणे-येणे), दाब, विसरण (कणांचे दाट जागेकडून विरळ जागेकडे पसरणे) आणि पीएच (आम्ल-अल्कलीचे माप) या चार गोष्टी ठाऊक नसल्या की सलाईन, फुप्फुस, किडनी सगळेच अधांतरी राहते. म्हणून पहिला आठवडा याच चौघांना द्या.

परासरण बटाट्यावर दाखवा. साधारण 3 मिलिमीटर जाडीच्या, प्रत्येकी 50 ग्रॅम चकत्या दोन ग्लासांत घाला. एकात 200 मिली साधे पाणी, दुसऱ्यात तेवढ्याच पाण्यात 10 ग्रॅम मीठ. तासाभराने चकत्या वाकवून बघायला सांगा. साध्या पाण्यातली ताठ असते, मिठातली लुळी पडते. चकत्या जाड कापल्या तर तासात फरक कळत नाही. ‘मीठ आत शिरले म्हणून मऊ झाली’ असे कुणीतरी हमखास म्हणते. तेव्हा चकत्या पुसून पुन्हा वजन करायला लावा. मिठातल्या हलक्या भरतात, म्हणजे पाणी बाहेर आले. मग वॉर्डाकडे वळा. लाल रक्तपेशीला बटाट्याच्या पेशीसारखी भिंत नसते, त्यामुळे साध्या पाण्यात ती फुगून फुटते. नुसते डिस्टिल्ड वॉटर शिरेतून चढवत नाहीत ते यासाठी. नॉर्मल सलाईन 0.9 टक्के, म्हणजे लिटरला 9 ग्रॅम मीठ. हे 9 ग्रॅम कागदावर मोजून दाखवा.

दाबासाठी सुई न लावलेली सिरिंज पुरते. पुढचे टोक बोटाने बंद करून दट्ट्या ओढा. आतली जागा वाढते, दाब घटतो, आणि बोट काढताच हवा आत घुसते. श्वास असाच चालतो. हवा शिरल्यामुळे छाती फुगत नाही, छाती फुगते म्हणून हवा शिरते. हा उलटा समज आत्ता मोडला नाही तर पुढे न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर छातीत हवा साठणे) कधीच कळत नाही. विसरणाला पाण्यात पोटॅशियम परमँगनेटचा एक खडा टाकला की झाले. पीएचला हळदीच्या कागदावर साबण लावा, रक्ताचा 7.35 ते 7.45 हा आकडा मात्र किडनी शिकवताना पक्का करा, आधी नको.

दुसऱ्या आठवड्यात रक्ताभिसरण. जमिनीवर खडूने हृदयाचे चार कप्पे, फुप्फुसे आणि शरीर काढा आणि एकेकीला त्यावरून चालवा, प्रत्येक झडपेचे नाव मोठ्याने घेत. ऑक्सिजन कमी तेव्हा हातात निळे कार्ड, फुप्फुसातून निघताना लाल. इथे दोन चुका ठरलेल्या. पहिली डाव्या-उजव्याची: आकृतीतला माणूस आपल्याकडे तोंड करून असतो, त्याचे डावे आपल्या उजवीकडे येते. दुसरी शाळेतून आलेली, ‘धमनीत शुद्ध रक्त’. हृदयापासून दूर नेते ती धमनी, एवढेच धरायचे. फुप्फुस धमनीवरून चालणारीच्या हातात निळे कार्ड असले की वाद उरत नाही. शेवटी एक गणित घाला: एका ठोक्याला सुमारे 70 मिली, मिनिटाला 72 ठोके, म्हणजे जवळजवळ 5 लिटर. मग जिना चढून येऊन नाडी पूर्ण एक मिनिट मोजायला सांगा.

इंग्रजी संज्ञांची यादी घोकायला देऊ नका. रोज आठच शब्द घ्या आणि वहीत तीन रकाने आखा: संज्ञा, मराठी अर्थ, वॉर्डातले काम. शिकवलेला भाग आधी मैत्रिणीला मराठीतून सांगायचा, मग पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर लिहायचा; पुन्हा तिसऱ्या आणि सातव्या दिवशी. नुसते पुन्हा वाचले की आल्यासारखे वाटते, आणि परीक्षेत हात अडतो.

सूक्ष्मजीवशास्त्राची सुरुवात जिवाणूंच्या आकारांनी करण्यापेक्षा ऑटोक्लेव्हपासून, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रापासून करा. उकळते पाणी 100 अंशांवर थांबते आणि काही जिवाणूंचे बीजाणू (टणक कवचातले सुप्त रूप) त्यातही तगतात. चौरस इंचाला 15 पौंड दाबाखाली वाफ 121 अंशांपर्यंत जाते, म्हणून 15 ते 20 मिनिटांत तेही मरतात. सिरिंजमध्ये पाहिलेला दाब इथे कामाला येतो. त्यानंतर ऑटोक्लेव्हमध्ये ठेवायचा, गॉजने ठासून भरलेला ड्रम समोर ठेवा आणि मधल्या गॉजपर्यंत वाफ कशी पोचेल ते विचारा.