अवयव पाडून बहुपदीची शून्ये कशी काढावीत?

कोल्हापुरी गुळाचा छोटा रवा भेट द्यायचा आहे आणि त्यासाठी उघडा खोका करायचा आहे, असे समजा. १६ इंच लांब, १० इंच रुंद पुठ्ठा घ्या. चारही कोपऱ्यांतून क्ष इंच बाजूचे चौरस कापा, कडा वर दुमडा. उंची क्ष, लांबी १६ − २क्ष, रुंदी १० − २क्ष. तिन्हींचा गुणाकार म्हणजे घनफळ:

४क्ष³ − ५२क्ष² + १६०क्ष

क्षच्या ज्या किमतींना ही बहुपदी शून्य होते, त्या किमती म्हणजे तिची शून्ये.

आधी सामाईक अवयव बाहेर काढा. ही पायरी गाळली की पुढचे आकडे उगाच फुगतात. इथे ४क्ष बाहेर येतो, कंसात क्ष² − १३क्ष + ४० उरते. आता मधल्या पदाची फोड करा. गुणाकार ४०, बेरीज −१३ हवी. गुणाकार धन आणि बेरीज ऋण, म्हणजे दोन्ही संख्या ऋणच. −५ आणि −८.

४क्ष(क्ष − ५)(क्ष − ८) = ०

गुणाकार शून्य असेल तर निदान एक अवयव शून्य असतोच. म्हणून क्ष = ०, ५, ८. अवयवात −५ दिसले तरी शून्य +५ आहे. (२क्ष − ३) असा अवयव आला तर शून्य ३/२, नुसते ३ नव्हे.

सर्वांत जास्त गुण जातात ते दोन्ही बाजूंना क्षने भागल्यामुळे. तसे केले की ० हे उत्तर हरवते. क्ष शून्य असू शकतो, म्हणून त्याने भागायचे नाही, तो सामाईक काढायचा.

खोक्यात पाहा: ० कापले तर भिंतीच नाहीत, ५ कापले तर रुंदी संपली. ८ हे बहुपदीचे शून्य खरे, पण १० इंच रुंदीत ते कापताच येत नाही.

आता घनफळ १४४ घनइंच हवे असेल तर? वरचे अवयव एकेक करून १४४ शी जुळवू नका. तो नियम फक्त शून्यासाठी आहे. १४४ डावीकडे आणा, ४ ने भागा (४ कधी शून्य नसतो, म्हणून चालते):

क्ष³ − १३क्ष² + ४०क्ष − ३६ = ०

इथे सामाईक काही नाही. मग ३६ चे विभाजक एकेक ठेवून पाहा. १ ठेवल्यास −८ येते. २ ठेवल्यास ८ − ५२ + ८० − ३६ = ०, म्हणून (क्ष − २) हा अवयव. आता (क्ष − २) ने संश्लेषक भागाकार, म्हणजे फक्त सहगुणकांवर (क्षच्या घातांपुढच्या संख्यांवर) केलेला भागाकार, करा: १, −१३, ४०, −३६ मांडा, पहिला तसाच खाली उतरवा, मग दर वेळी खालची संख्या २ ने गुणून पुढच्या सहगुणकात मिळवा. खाली १, −११, १८ आणि बाकी ० येते. एखादा घात गाळलेला असेल तर त्याच्या जागी ० लिहायला विसरू नका, नाहीतर सगळी ओळ सरकते. उरलेल्या क्ष² − ११क्ष + १८ चे अवयव (क्ष − २)(क्ष − ९). म्हणजे

(क्ष − २)²(क्ष − ९) = ०

९ बाद, २ मात्र दोनदा आले, आणि ते मोलाचे आहे. घनफळातून १४४ वजा केले की ४(क्ष − २)²(क्ष − ९) उरते. वर्ग कधी ऋण नसतो आणि क्ष ५ पेक्षा लहान असताना (क्ष − ९) ऋणच असतो, म्हणजे ही वजाबाकी कधी धन होत नाही. म्हणून घनफळ १४४ च्या वर जातच नाही: या पुठ्ठ्याचा सर्वांत मोठा खोका २ इंच कापल्यावरच मिळतो, १२ × ६ × २.