भाड्याचं ऑफिस: काम काढण्यापासून चावी परत देईपर्यंत

वागळे इस्टेटमधला गाळा असो नाहीतर वाशी-महापेचं ऑफिस, इंटिरियरवाल्याला फोन करायच्या आधी ताब्याची यादी करा, म्हणजे जागा हातात आली तेव्हा कोणती वस्तू कशी होती त्याची नोंद. मागच्या वेळी आमची नेमकी हीच राहिली आणि डिपॉझिटचा मोठा भाग त्यातच अडकला. ॲग्रीमेंटमध्ये एकच ओळ असते, जागा मूळ स्थितीत परत करावी, पण मूळ स्थिती कशी होती ते कुठेच लिहिलेलं नसतं. मग सोडताना मालक म्हणतो दार सागवानी होतं, तुम्ही म्हणता साधं प्लायचं फ्लशडोअर होतं, आणि डिपॉझिट त्याच्या हातात असतं.

म्हणून जागा रिकामी असतानाच फोटो काढा, खोलीचे चार नाही, एकेका वस्तूचे. दाराचं लॉक, खिडकीचा ॲल्युमिनियम ट्रॅक, डीबी (लाइटचा मुख्य बॉक्स) उघडून आतल्या एमसीबी, म्हणजे ट्रिप होणारे स्विच, टॉयलेटचा फ्लश, तडा गेलेली टाइल बाजूला टेप धरून, छताला ओल असेल तर ती. यादी टाइप करा, प्रत्येक पानावर मालकाची सही घ्या, ॲग्रीमेंटला जोडा. व्हॉट्सॲपवर पाठवलं आणि निळी टिक आली एवढ्यावर थांबू नका, सही पाहिजे.

ॲग्रीमेंट रजिस्टर करायचंच, भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे ते सक्तीचं आहे. लॉक-इन (ज्या काळात जागा सोडता येत नाही) किती, फिटआउटच्या म्हणजे आतलं काम चालू असण्याच्या काळात भाडं माफ आहे का, सोडताना पार्टिशन काढायचं की ठेवायचं, हे त्यातच लिहून घ्या, ब्रोकरच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. जागा एमआयडीसीच्या प्लॉटवर असेल तर पोटभाड्याची परवानगी मालकाने घेतलीय का ते कागद बघून खात्री करा.

सोसायटीची एनओसी, कामाच्या वेळा, लिफ्टने सामान न्यायची परवानगी, नेहमीचंच. लाइटचा मंजूर लोड मात्र बिलावर बघा, एसी आणि सर्व्हर लावल्यावर तो पुरला नाही तर महावितरणकडे वाढवून घ्यावा लागतो आणि मीटर मालकाच्या नावावर असल्यामुळे त्याची सही लागते. फॉल्स सीलिंग करताना आग विझवायचे स्प्रिंकलर झाकले जाऊ देऊ नका, यात तडजोड नाही, आत माणसं बसणार आहेत.

आता सुतार आला की त्याला आधी सांगा, मालकाच्या टाइलला ड्रिल मारायचं नाही. पार्टिशनचं चॅनल जमेल तिथे सिलिकॉनवर बसवा, कारण काही वर्षांनी त्याच शेडची टाइल बाजारात मिळत नाही आणि एका भोकापायी अख्खी फ्लोअरिंग बदलायचा खर्च मागितला जातो. जुनं काढलेलं सामान, दार, ट्यूबलाइटच्या पट्ट्या, बेसिन, हे मालकाचं आहे. कामगार ते संध्याकाळी भंगारवाल्याला देऊन मोकळे होतात, त्यांना वाटतं कचराच आहे. एकतर माळ्यावर नंबर टाकून ठेवा, नाहीतर मालकाला परत देऊन सही घ्या. आणि हे सगळं यादीत चढवा. यादी नसेल तर माळ्यावर ठेवलेलं दार हेच तेव्हाचं दार, हेसुद्धा सिद्ध करता येत नाही. पुन्हा सांगतो, यादी, फोटो, सही, तिन्ही.

सोडायचं ठरलं की नोटीस लेखी द्या आणि तारखेपासून उलटं मोजा, मुदत संपते त्या दिवशी काम संपलेलं असायला हवं, सुरू व्हायला नको. जून-जुलैत मुदत संपत असेल तर दिवस जास्त धरा, ठाण्याच्या पावसात पुट्टी वाळतच नाही. तोडफोड सुरू करायच्या आधी मालकाला बोलावून तीच यादी हातात घेऊन जागेत फिरा, त्याला कदाचित एसी किंवा केबिन ठेवायचीही असेल, मग तसं लिहून घ्या आणि तोडायचा खर्च वाचवा. डेब्रिज, म्हणजे तोडफोडीचा राडारोडा, रीतसर उचलायला लावा, टेम्पोवाला खाडीकडे कांदळवनात टाकून आला तर कारवाई होते.

मग भोकं बुजवणं, रंग, साफसफाई. लाइटचं शेवटचं रीडिंग फोटोसकट, इंटरनेट बंद, जीएसटी आणि गुमास्त्यावरचा (दुकान-ऑफिसच्या नोंदणीवरचा) पत्ता बदलून घ्या. शेवटी मालकासोबत यादीवर टिक करत फिरायचं, त्याखाली ताबा परत मिळाल्याची सही घ्यायची आणि चावी डिपॉझिट हातात आल्यावरच द्यायची.