जाहिरातीआधी वस्तूचं पान नीट करा: तांब्याची भांडी ऑनलाइन विकताना

पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत घडलेली भांडी वेबसाइटवरून विकायची असतील, तर जाहिरातीचं बटण दाबण्याआधी एक हिशेब कागदावर मांडा. समजा, तांब्याचा जग जीएसटी सोडून १,८०० रुपयांना आहे. खरेदी १,१५०, पॅकिंग ६०, कुरियर १४०, पेमेंट गेटवेचे साधारण ४२. हाती उरले ४०८. जाहिरातीवरची एक क्लिक ६ रुपयांना पडते आणि आलेल्या शंभरांतला एकच जण विकत घेतो असं धरलं, तर ती एक ऑर्डर मिळवायला ६०० गेले, म्हणजे प्रत्येक जगामागे १९२ रुपये खिशातून. शंभरांतले दोघे घेऊ लागले की हाच खर्च ३०० वर येतो आणि १०८ सुटतात. जाहिरात तीच, माल तोच. फरक पडतो तो क्लिकनंतर उघडणाऱ्या पानामुळे, म्हणून काम तिथूनच सुरू करायचं.

गिऱ्हाईक जे विचारतं ते पानावर हवं

दुकानात आलेली बाई भांडं उचलून वजन बघते, आत डोकावते, बूड तपासते आणि मग विचारते, "कल्हई आहे का?" वेबसाइटवर हे काहीच करता येत नाही, त्यामुळे उत्तरं आपण आधीच द्यायची. किती लिटर मावतं, वजन किती ग्रॅम, उंची आणि तोंडाचा व्यास किती सेंटिमीटर, पत्रा शुद्ध तांब्याचा आहे का, मठारकाम (पत्र्यावर हातोडीनं ठोकून उठवलेले ठसे) हाताचं की यंत्राचं. पाणी साठवायच्या भांड्याला आतून कल्हई नसते, स्वयंपाकाच्या भांड्याला ती लागतेच. हे दोन्ही प्रकारच्या पानांवर स्पष्ट लिहा. कल्हई कथलाची असते आणि कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून रिकामं पातेलं मोठ्या आचेवर ठेवू नये, हेही लिहा. "आठ दिवसांत काळं पडलं" ही तक्रार तर ठरलेलीच. तांबं हवेनं आणि ओल्या हातानं काळवंडतं, चिंच आणि मिठानं घासलं की पुन्हा उजळतं, या दोन ओळी किमतीच्या खालीच असू द्या. शेवटच्या टॅबमध्ये दडवल्या तर कोणी वाचत नाही आणि भांडं परत येतं.

तांब्याचा फोटो काढणं अवघड, कारण त्यात फोटो काढणाऱ्यासकट सगळी खोली दिसते. ऊन थेट येत नाही अशा खिडकीपाशी भांडं ठेवा, दोन्ही बाजूंना पांढरी चादर किंवा बटर पेपर ताणा, फोन चार-पाच फूट मागे नेऊन दुप्पट झूम वापरा. कडा उठून दिसत नसतील तर फोटोच्या चौकटीबाहेर एका बाजूला काळ्या पुठ्ठ्याची पट्टी उभी करा. पाच फोटो पुरतात: पूर्ण भांडं, वरून आतला भाग, मठारकाम जवळून, बूड, आणि हातात धरलेलं. शेवटचा टाळू नका. आकाराचा अंदाज त्यावरूनच येतो.

पान जड का होतं

फोनमधला फोटो ३ ते ६ एमबीचा असतो. तो तसाच चढवला की पान रखडतं. लांब बाजू १,४०० पिक्सेल, फॉरमॅट वेबपी (वेबसाइटसाठीचा हलका फोटो-प्रकार), आकार १५० केबीच्या आसपास ठेवा. मग पेजस्पीड इनसाइट्स या गूगलच्या मोफत साधनात मोबाइलचा निकाल बघा: पानावरचा सगळ्यात मोठा भाग २.५ सेकंदांच्या आत दिसायला हवा. इथे एक चूक फार होते. सगळ्या फोटोंना "लेझी लोडिंग" (पान खाली सरकवलं की मगच फोटो उघडणं) लावतात, त्यात पहिला फोटोही उशिरा येतो आणि आकडा उलट बिघडतो. पहिला फोटो त्यातून वगळा. देवनागरी फॉन्टच्या फाइलीही जड असतात. साधा आणि ठळक, एवढे दोनच प्रकार पुरे.

पानाचा पत्ता (यूआरएल) रोमन लिपीत ठेवा. देवनागरी पत्ता व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवला की बहुतेक वेळा टक्क्यांच्या चिन्हांची लांबच लांब माळ होते आणि लोकांना ती लिंक फसवी वाटते. लिंकसोबत दिसणारं चित्र ३०० केबीच्या आत असू द्या, नाहीतर ते उमटत नाही असं होतं.

कुरियर

कुरियरवाले प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यांत जे जास्त त्याचे पैसे लावतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणा आणि ५,००० नं भागा (काही कंपन्यांचा भाजक वेगळा असतो, करार बघा). ४५ × ४५ × २५ च्या खोक्यातलं घंगाळ प्रत्यक्षात साडेतीन किलोचं असलं तरी बिल १०.१ किलोचं येतं. मोठ्या भांड्याच्या पोटात लहान भांडी बसवून संच विकणं त्यामुळेच परवडतं. पोचा बहुधा काठाला पडतो: भांड्याच्या आत कागदाचे बोळे ठासा, काठाला फोमची पट्टी लावा, पाच थरांचा खोका घ्या. भांडं सुती हातमोजे घालून भरा. घामाचे ठसे प्रवासात काळे होऊन पोचतात.

पोचवण्याचा खर्च वस्तूच्या पानावरच, पिनकोड टाकताच दिसला पाहिजे. शेवटच्या पायरीवर अचानक १८० रुपये वाढले की माणूस निघून जातो. खातं उघडायची सक्तीही नको. कॅश ऑन डिलिव्हरी द्यायचीच असेल तर जड वस्तूंवर १०० ते २०० रुपये आगाऊ घ्या, कारण पार्सल नाकारलं गेलं की जाण्यायेण्याचं दोन्ही भाडं आपल्यावर पडतं.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्रेत्याचं नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा तपशील साइटवर लागतो. तक्रारीची पोच ४८ तासांत, निवारण एका महिन्यात.

आता मार्केटिंग

सर्च कन्सोल हे गूगलचं मोफत साधन साइटला जोडा आणि लोक गूगलवर कोणते शब्द टाकून येतात ते बघा. "कॉपर पॉट" लिहिणारे वेगळे, "तांब्याची कळशी" रोमन अक्षरांत टाइप करणारे वेगळे. वर्णनात दोन्ही नैसर्गिकपणे येऊ द्या. ज्या शब्दावर तुमचं पान पुष्कळांना दिसतं पण क्लिक थोड्या मिळतात, त्या पानाचं शीर्षक बदला: "तांब्याची कळशी, ८ लिटर, हातानं मठारलेली" हे "प्रीमियम कलेक्शन"पेक्षा कधीही चांगलं. गूगल बिझनेस प्रोफाइल (गूगलच्या नकाशावर दिसणारी दुकानाची नोंद) मात्र गिऱ्हाईक प्रत्यक्ष येऊ शकत असेल तरच तयार करा, निव्वळ ऑनलाइन दुकानाला ते चालत नाही. दुपारी बंद ठेवत असाल तर वेळेच्या दोन पाळ्या भरा.

सणांची पानं सहा ते आठ आठवडे आधी तयार हवीत: संक्रांतीच्या वाणासाठी लहान वस्तू घाऊक, पाडव्याला गुढीवरचा तांब्या, धनत्रयोदशीला भांडी. या पानांच्या यूआरएलमध्ये साल घालू नका. दर वर्षी तेच पान सुधारलं की गूगलमधलं त्याचं स्थान टिकतं. गणेशोत्सवात, विशेषतः विसर्जनाला, पेठांतले रस्ते बंद असतात आणि कुरियरवाला पार्सल न्यायला येत नाही. त्या तारखा आठवडाभर आधी साइटच्या माथ्यावर लावा.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण मावतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच संदेश पोचतो. म्हणून पार्सलमध्ये छोटं कार्ड टाका: नंबर सेव्ह करा, कल्हईची आठवण आम्ही करू. पाठवाल त्या प्रत्येक लिंकला वेगळा यूटीएम टॅग (गिऱ्हाईक कुठून आलं ते सांगणारी, लिंकच्या शेवटी जोडायची खूण) लावा. महिन्याअखेरीस ऑर्डर कार्डामुळे आली, इन्स्टाग्राममुळे की जाहिरातीमुळे, हे कळलं की सुरुवातीच्या हिशेबातला ६ रुपयांचा आकडा खोडून तिथे तुमचा स्वतःचा लिहिता येईल.