हवेचे नव्हे, बेडकाचे तापमान

गोव्यात प्राणिशास्त्राच्या पदव्युत्तर प्रकल्पासाठी मी झुडपी बेडकांच्या नरांची साद हा विषय घेतला, तेव्हा रेकॉर्डर, गमबूट आणि मोबाइलवर दिसणारे हवामान एवढ्यावर काम भागेल अशी माझी समजूत होती. चोर्ला घाटात जूनच्या कित्येक रात्री भिजून भरलेली वही मी मार्गदर्शकांपुढे ठेवली. त्यांनी दोन पाने चाळून विचारले, "यात बेडकाचे तापमान कुठे आहे?"

बेडूक शीतरक्ती; पण शीतरक्ती प्राण्याचे रक्त थंडच असते असे नव्हे. उन्हात चिऱ्यांच्या गडग्यावर बसलेला सरडा आपल्याइतकाही तापतो. त्याच्या देहाची ऊब बाहेरून येते, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. बेडकाचे स्नायू गारठले की सादेतली टिक-टिक संथ होते, ऊब मिळाली की ती जलद होते. सादेची पट्टी मात्र मुख्यत्वे देहाच्या आकारावर ठरते. म्हणून जलद साद घालणारा नर अधिक जोमदार, असा निष्कर्ष तापमानाचा हिशेब वजा केल्याशिवाय काढता येत नाही. मादीची निवडही याला अपवाद नाही: अमेरिकेतल्या करड्या झाडबेडकांवर संशोधक गेरहार्ट यांनी १९७८ मध्ये दाखवून दिले की मादी स्वतःच्या तापमानाला जुळणाऱ्या लयीकडे ओढली जाते.

नवख्यांनी इन्फ्रारेड थर्मामीटर जरूर घ्यावा, पण त्यावर आंधळा विश्वास ठेवू नये. १२:१ गुणोत्तराचे यंत्र एक फुटावरून एक इंच रुंदीच्या वर्तुळाचे तापमान सांगते आणि आपला नर जेमतेम तेवढाच असतो, त्यामुळे आकड्यात पानाचाही वाटा येतो. अधिक जवळ जावे, मंद लाल उजेड वापरावा आणि साद ध्वनिमुद्रित होताच मोजमाप घ्यावे. ओल्या त्वचेवरून बाष्पीभवन होत असल्याने वारा सुटलेल्या रात्री बेडूक हवेपेक्षा गार असतो. मुसळधार पावसात हा फरक फारसा उरत नाही. अभयारण्यात काम करायचे असेल तर वन खात्याची लेखी परवानगी आधी मिळवावी. तिला वेळ लागतो आणि पाऊस थांबत नाही.

पुढच्या पावसाळ्यात मी प्रत्येक नराच्या पाठीवरच्या ठिपक्यांचे छायाचित्रही घेऊ लागलो. एका उकाड्याच्या आणि एका गार रात्री नोंदवलेल्या दोन सादा इतक्या वेगळ्या होत्या की मी त्यांना दोन क्रमांक दिले होते. छायाचित्रे शेजारी ठेवली तेव्हा पाठीवरचे ठिपके एकच निघाले.