खाडीत बोट नेताय? आधी ओहोटी बघून या

पहिलं काम बोटीत बसून करायचंच नाहीये. पूर्ण ओहोटीला धक्क्यावर जाऊन उभं राहा, गाळ कुठे उघडा पडतो, पाणी कुठल्या काठाला उरतं ते बघा आणि फोनवर फोटो काढून ठेवा. आम्ही रायगडमधल्या धरमतरच्या खाडीत हे न करता वळणाच्या आतल्या बाजूने शॉर्टकट मारला आणि चिखलात जे बसलो ते भरती येईपर्यंत, डबे संपले, पाणी संपलं, डास मात्र संपले नाहीत. वळणावर बाहेरची बाजू खोल, आतल्या बाजूला गाळ साचतो. आणि समोर बगळा उभा असेल तर तिथे पाणी किती ते त्याच्या पायांवरूनच कळतं.

भरतीची वेळ काढायची जुनी युक्ती म्हणजे तिथीची पाऊणपट, अष्टमीला साधारण 6 वाजता, पण हा अंदाज झाला, भरती-ओहोटीचा तक्ता बघाच. उधाणाला, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, पाणी जास्त चढतं आणि उतरतंही तेवढंच खाली.

आता बोये, म्हणजे वाट दाखवायला पाण्यावर तरंगत ठेवलेल्या खुणा. आपल्याकडे समुद्रातून आत येताना लाल बोया डाव्या हाताला, हिरवा उजव्या हाताला, बाहेर जाताना उलट. यूट्यूबवर अमेरिकन व्हिडिओ बघून शिकला असाल तर विसरा, तिकडे रंग बरोब्बर उलटे आहेत.

नांगर चॅनलमध्ये, म्हणजे बोटींच्या जाण्या-येण्याच्या खोल वाटेत, टाकायचा नाही. धरमतरच्या खाडीला मिळणारी अंबा नदी राष्ट्रीय जलमार्ग 10 आहे, बार्ज (मालवाहू बोटी) येतात आणि बार्ज तुमच्यासाठी पटकन थांबू शकत नाही. प्रवाहात बांधून ठेवलेल्या मासेमारीच्या डोलीच्या जाळ्यांपासूनही लांब राहा. नांगराच्या दोराचा हिशोब असा, आत्ता पाणी 3 मीटर, अजून 2 मीटर चढणार, बोटीचं नाक पाण्यापासून 1 मीटर वर, झाले 6, त्याच्या निदान पाचपट म्हणजे 30 मीटर दोर सोडा, वारा असेल तर सातपट, आणि नांगराजवळ थोडी साखळी हवीच. नांगर फेकायचा नाही, बोट थांबवून नाकावरून हळू सोडायचा, मागच्या बाजूने कधीच नाही, लाटा आत येतात. मग इंजिन हळूच रिव्हर्सला टाकून तो धरतोय का बघा. किनाऱ्यावरचा एक माड आणि त्यामागचा देवळाचा कळस एका रेषेत पकडून ठेवा, रेष सरकली की नांगर घसरतोय. भरती-ओहोटी फिरली की बोटीचं तोंड उलट्या दिशेला फिरतं, तेव्हा परत तपासा. रात्री पांढरा दिवा लावा.

निघताना नांगर रुतला तर कंबर मोडेपर्यंत ओढू नका. दोर गोळा करत त्याच्या डोक्यावर या, नाकाला घट्ट बांधा आणि इंजिन अगदी हळू पुढे घ्या, बहुतेक वेळा सुटतो.