कोल्ड ब्रू घरी करताय? या चुका टाळा

कोल्ड ब्रू, म्हणजे गार पाण्यात कित्येक तास भिजवून केलेली कॉफी, कडू झाली की लोक सगळ्यात आधी बियांना दोष देतात. बिया बहुतेक वेळा चांगल्याच असतात, बिघडलेलं असतं ते दळण. गार पाण्यात कॉफी १२ ते १८ तास पडून राहणार, म्हणून ती भरडच हवी, जाड्या मिठाच्या खड्यांएवढी. बारीक पूड इतका वेळ भिजली की नको तो कडवटपणाही पाण्यात उतरतो. शिवाय गाळताना तिचा चिखल होतो.

माझ्या एका मैत्रिणीने पाहुणे येणार म्हणून मोठी बरणी भरून कॉफी भिजवली. बारीक दळली की लवकर उतरेल, या हिशेबाने मिक्सर पार पीठ होईपर्यंत फिरवला. सकाळी तिचा फोन, “अगं, थेंबसुद्धा खाली येत नाहीये!” फिल्टर पेपर लिंपून गेला होता. मग तिने मलमलीचं फडकं लावलं, तरी धार लागेना. शेवटी पुरचुंडी करून दोन्ही हातांनी पिळली. निघालं ते गढूळ पाणी, तळाला बोटभर गाळ. दूध घातलं, साखर वाढवली, पण जिभेवरचा तुरटपणा काही जाईना. सगळी बरणी ओतून द्यावी लागली.

तेव्हा फडकं पिळायचं नाही, म्हणजे नाही! भिजलेला चोथा आपल्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी धरून ठेवतो. १०० ग्रॅम कॉफीमागे २०० मिलीच्या आसपास पाणी परत मिळणारच नाही, हे आधीच धरून चला. त्या घोटभरासाठी पिळलंत की बारीक गाळ आणि कडूपणा सगळ्या कॉफीत येतो. मी आधी स्टीलच्या गाळणीतून गाळते, मग फिल्टर पेपरमधून, आणि बरणीच्या तळाचा गाळ तिथेच सोडते.

मिक्सरशिवाय पर्याय नसेल तर थांबून थांबून दोन-दोन सेकंदच फिरवा, मग बारीक चाळणीने पूड चाळून काढा. ती पूड गरम कॉफीला वापरता येते.

इन्स्टंट कॉफी भिजत घालू नका. ती विरघळते, भिजून उतरण्यासारखं तिच्यात काही उरलेलंच नसतं.

वेळ वाचवायला गरम पाणी ओतणाऱ्यांचं मला खरंच कळत नाही. गार पाण्यात आंबटपणा कमी उतरतो, म्हणून तर ही कॉफी इतकी मऊ लागते. तेच घालवायचं असेल तर सरळ गरम कॉफी करून बर्फावर ओता, दहा मिनिटांत काम होईल.

पाणचट झाली तर दोन गोष्टी बघा. एक म्हणजे माप. चमच्याने मोजू नका, गडद भाजलेल्या बिया हलक्या असतात, त्यामुळे चमचा फसवतो. वजनाने एक भाग कॉफीला आठ भाग पाणी हे माझं ठरलेलं माप. दुसरं म्हणजे ढवळणं. कोरडी पूड वर तरंगत राहते, म्हणून पाणी ओतल्यावर एकदा नीट ढवळा. फ्रिजमध्ये भिजवत असाल तर कॉफी सावकाश उतरते, तिला १८ ते २४ तास द्या.

आणि बरणी स्वच्छ, कोरडी हवी. इथे काहीच उकळत नाही, त्यामुळे बरणीतली घाण तशीच कॉफीत राहते. गाळल्यावर लगेच फ्रिजमध्ये ठेवा, आठवड्याच्या आत संपवा. दूध मात्र पिताना, ग्लासातच घाला.