स्लोमध्ये इंजिन बंद पडतंय? स्क्रू सगळ्यात शेवटी फिरवा

फुल रेसवर मस्त पळतं पण धक्क्याजवळ रेस कमी केली की भुडभुड करून बंद, असं ज्यांच्या छोट्या आउटबोर्डचं, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावतात त्या इंजिनाचं, होतंय त्यांच्यासाठी लिहितोय. माझं टू स्ट्रोक, दोन सिलिंडरचं, ८ हॉर्सपावर, ऐरोलीच्या दिवा कोळीवाड्याला होडी असते. मागच्या थंडीत ओहोटी लागली असताना जाळं ओढायला स्लो केलं आणि बंद. दोरी ओढून खांदा गेला, मग शहाणपणा करून कार्बोरेटरचा, स्लोमध्ये हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा स्क्रू फिरवला, किती आटे ते मोजलंच नाही. पाणी उतरलं, होडी चिखलात बसली आणि पुढची भरती येईपर्यंत मी फ्लेमिंगो बघत बसलो. त्यांना काय, चिखल त्यांचाच.

स्लोमध्येच का, तर कमी रेसला पेट्रोल जातं ते कार्बोरेटरमधल्या पायलट जेटच्या बारीक भोकातून, रेस दिली की मेन जेट काम करायला लागतो. म्हणून वर ठीक आणि खाली बोंब असेल तर पहिला संशय पायलट जेटवर. पण लगेच खोलू नका.

आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का बघा, हसू नका, माझा दोनदा बंद निघालाय. मग पेट्रोल किती जुनं ते आठवा. आता पंपावर इथेनॉलवालं मिळतं, ते हवेतलं पाणी ओढतं आणि खाडीवर दमट हवेला काय कमी. थोडं काचेच्या बाटलीत काढून ठेवा, खाली वेगळा थर बसला तर ते फेका म्हणजे टाकून द्या बाबा, खाडीत नाही. पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑइल ५०:१ असेल तर लिटरला २० मिली, जास्त घातलं की स्पार्क प्लग काळे होतात. जुन्या इंजिनांना जास्त लागतं, तुमच्या मॅन्युअलमध्ये असेल ते धरा.

आता इंजिन धक्क्याला बांधून किंवा पाण्याच्या ड्रममध्ये चालू करा, कोरडं अजिबात नको, पाणी खेचणाऱ्या पंपाचा रबरी इम्पेलर लगेच जातो. स्लोमध्ये अडखळायला लागलं की पेट्रोलच्या पायपातला रबरी फुगा दाबा, सुधारलं तर पेट्रोल पुरत नाहीये, म्हणजे पाइप, फिल्टर नाहीतर फ्युएल पंप बघायचा. फरक नाही पडला तर चोक थोडासा ओढा, त्याने हवा कमी होते. चोक ओढून बरं चालतंय म्हणजे पेट्रोल कमी नाहीतर कुठून तरी हवा शिरतेय, आणखी बिघडलं म्हणजे आधीच जास्त जातंय.

मग इंजिन बंद करून दोन्ही प्लग काढून शेजारी ठेवा. दोन्ही सारखे तपकिरी असतील तर छान. एक ओला काळा आणि दुसरा बरा असेल तर तो एकच सिलिंडर स्लोमध्ये झोपतोय, तिथे नवा प्लग टाकून बघा, कधीकधी एवढ्यावरच भागतं.

नाही भागलं तर कार्बोरेटर. पेट्रोलचा पाइप काढा, जवळ विडी नको, खालची वाटी उघडा. माझ्या वाटीत डिंकासारखा हिरवट थर होता, जेट उजेडाकडे धरला तर पलीकडचं काही दिसेना. जेट पितळेचा, मऊ असतो, बरोब्बर बसणाराच स्क्रू ड्रायव्हर वापरा नाहीतर खाच जाते. सुई, टाचणी घालू नका, भोक मोठं झालं की जेट गेला. क्लीनर मारून थोडा वेळ ठेवा, मग वायरमधली तांब्याची एकच बारीक तार हळूच फिरवा. कार्बोरेटरच्या आतल्या वाटांना हवा मारायला मी पंक्चरवाल्याकडे गेलो, त्याने पैसे पण घेतले नाहीत. फ्लोट (वाटीत तरंगतो तो भाग) आणि रबरी भाग आधी काढा बरं का. गोल भोक स्वच्छ दिसलं की झालं.

एवढं करून मग तो प्रमाणाचा स्क्रू. काढण्याआधी हलकेच आत बसेपर्यंत फिरवून आटे मोजा, हातावर लिहा. बऱ्याच इंजिनांना सव्वा ते दीड आटे बाहेर इथून सुरुवात करतात, बाकी मॅन्युअल. इंजिन गरम, होडी घट्ट बांधलेली, गिअरमध्ये, आणि एका वेळी पाव आट्याच्या आतच. न्यूट्रलमध्ये सेट केलं तर गिअर टाकताच परत बंद पडेल.

रॉकेलवर चालणाऱ्या इंजिनाचं वेगळं, स्लोमध्ये जास्त वेळ ठेवलं की रॉकेल नीट जळत नाही आणि प्लग भरतात, ते पेट्रोलवर घेऊनच स्लो करा.

आणि आठवडाभर होडी काढायची नसेल तर वाटीचा खालचा स्क्रू सोडून पेट्रोल डब्यात काढून घ्या, मी आता पावसाळ्याच्या मासेमारी बंदीआधी हेच करतो.